कॅम्पिंग ट्रेलर बनवून विकायचा आहे? झाशीतील लघुउद्योजकांसाठी कर्ज, अनुदान आणि मंजुरीची माहिती

झाशीत राष्ट्रीय महामार्ग २७ आणि ४४ एकमेकांना छेदतात. ओरछा जवळ आहे, खजुराहो आणि पन्नाकडे जाणाऱ्या अनेकांचा मुक्कामही इथे पडतो. जीपमागे जोडून कच्च्या रस्त्याने नेता येईल असा छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवून विकावा, असे एखाद्या वेल्डिंग वर्कशॉपवाल्याला वाटले तर नवल नाही. चॅनल, अँगल, अ‍ॅक्सल, कमानीचे पाटे, पत्रा आणि प्लायवूड हे सगळे त्याच्या रोजच्या कामातलेच असते. झाशीतील मराठी घरांतील तरुण असोत किंवा महाराष्ट्रातून येऊन येथे व्यवसाय करणारे, या उद्योगासाठी सरकारी कर्ज आणि अनुदान कसे मिळू शकते याची माहिती येथे दिली आहे. त्याआधी मात्र एक गोष्ट समजून घ्या. ती राहून गेली, तर कर्ज मंजूर होईल, ट्रेलरही तयार होईल आणि तो विकता मात्र येणार नाही.

ट्रेलर हेही मोटार वाहनच

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे आणि तिच्यात ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे. इंजिन नसले तरी ट्रेलरला नोंदणी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-बी त्याच्याही पुढे जाते. नमुना मंजुरीचे प्रमाणपत्र नसलेला ट्रेलर विकता येणार नाही, विक्रीसाठी ठेवता येणार नाही आणि सार्वजनिक ठिकाणी वापरता येणार नाही, असे ते सांगते. उत्पादकाने किंवा विक्रेत्याने या प्रकरणातील तरतुदी मोडून वाहन विकल्यास कलम १८२-ए नुसार एक वर्षापर्यंत कैद, प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दहा ट्रेलर विकले असतील तर दंड दहा वेळा मोजला जाईल.

“हा ऑफ-रोड ट्रेलर आहे, रस्त्यासाठी नाहीच” असा युक्तिवाद अनेक जण करतात. त्याचा उपयोग होत नाही. कायद्यातील सूट फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनांना आहे. माताटीला धरणाच्या काठी तंबू लावायचा असला, तरी तिथवर सार्वजनिक रस्त्यानेच जावे लागते.

म्हणून पहिला ट्रेलर नमुना म्हणून बनवा आणि त्याची चाचणी करून घ्या. पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगर येथील व्हीआरडीई, हरियाणातील मानेसर येथील आयकॅट आणि मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था या चाचणी संस्था आहेत. बुदनी झाशी–भोपाळ–इटारसी रेल्वेमार्गावर आहे, पण तिथले मुख्य काम ट्रॅक्टर आणि शेती अवजारांचे आहे. त्यामुळे तुमच्या प्रकारच्या ट्रेलरची चाचणी कोणती संस्था घेईल, शुल्क किती आणि कोणती रेखाचित्रे लागतील, हे पत्र किंवा ईमेल पाठवून लेखी विचारा. हे उत्तर हातात येईपर्यंत दुसऱ्या ट्रेलरचे लोखंड कापू नका. नमुना चाचणीला नेताना तो ट्रकवर चढवून न्या, कारण नोंदणी नसलेले वाहन ट्रेड सर्टिफिकेटशिवाय रस्त्यावर ओढून नेता येत नाही.

वजन आधी ठरवा

वाहन मानकांत ट्रेलरचे वर्ग वजनानुसार केलेले आहेत. एकूण वजन ०.७५ टनापर्यंत असेल तर टी-१, त्यापुढे ३.५ टनांपर्यंत टी-२. एकूण वजन म्हणजे रिकामा ट्रेलर आणि त्यातील सगळे सामान मिळून होणारे वजन. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो तिथेच संपले. त्यावर बॅटरी, शेगडी, गाद्या, तंबू आणि जादा चाक. मजबुतीसाठी जाड चॅनल वापरायची आपल्याकडे सवय आहे. कॅम्पिंग ट्रेलरमध्ये हीच सवय नडते, कारण ७५० किलोंपैकी पाचशे किलो सांगाड्यातच गेले तर ग्राहकाच्या सामानाला फार थोडी जागा उरते. रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मागचे दिवे, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर सुरुवातीपासूनच आराखड्यात धरा. ओढणाऱ्या गाडीची ट्रेलर ओढण्याची क्षमता तिच्या कंपनीच्या पुस्तिकेत पाहायला ग्राहकाला सांगा. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असेच लिहिलेले असते.

कोणती योजना उपयोगी?

या कामाला सर्वांत जवळची योजना म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजेच पीएमईजीपी. उत्पादन उद्योगासाठी यात ५० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प धरता येतो. वय किमान १८ हवे. प्रकल्प १० लाखांपेक्षा मोठा असेल तर किमान आठवी उत्तीर्ण असावे लागते. योजना फक्त नवीन उद्योगासाठी आहे आणि एका कुटुंबातून, म्हणजे पती किंवा पत्नी यांपैकी, एकालाच लाभ मिळतो.

समजा, तुमचा प्रकल्प १२ लाखांचा आहे. झाशी शहरात सर्वसाधारण प्रवर्गातील अर्जदाराला १० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार रुपये स्वतःचे घालावे लागतील आणि अनुदान १५ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार मिळेल. तोच उद्योग ग्रामीण भागात महिलेने किंवा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक किंवा दिव्यांग अर्जदाराने सुरू केला, तर स्वतःचा वाटा ५ टक्के, म्हणजे ६० हजार आणि अनुदान ३५ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. शेड शहराच्या हद्दीत घ्यायची की बाहेरच्या गावात, हे ठरवण्यापूर्वी हा फरक पाहा.

अनुदान लगेच हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीत राहते आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जात वळते होते. तोवर हप्ते भरायचे आणि उद्योग चालू ठेवायचा असतो, आणि नमुना मंजुरीविना विक्रीच झाली नाही तर नेमके हेच जमणार नाही. म्हणून प्रकल्प अहवालात चाचणीचा खर्च आणि विक्री नसलेले सुरुवातीचे महिने स्वतंत्र ओळीत दाखवा. तो खर्च बँकेने मान्य केला नाही, तर तेवढी रक्कम आधी बाजूला काढून ठेवा. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही.

अर्ज खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या पीएमईजीपी ई-पोर्टलवर करावा. अडचण आल्यास झाशीच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. योजनेला २०२५-२६ पर्यंतची मंजुरी देण्यात आली होती, त्यामुळे अर्जापूर्वी पोर्टलवरील ताजी सूचना पाहा.

छोट्या सुरुवातीसाठी उत्तर प्रदेश सरकारचे मुख्यमंत्री युवा उद्यमी विकास अभियान आहे. राज्यातील २१ ते ४० वयाच्या रहिवाशांना त्यात ५ लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळू शकते. पारंपरिक लोहार किंवा सुतार असाल, तर पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत १ व २ लाखांचे कर्ज आहे. मात्र मागील पाच वर्षांत पीएमईजीपीचे कर्ज घेतलेल्याला विश्वकर्मा मिळत नाही. त्यामुळे कोणती योजना घ्यायची, हे अर्ज भरण्याआधी ठरवा.

विक्रीच्या वेळी

उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. वस्तूंच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये असली, तरी परराज्यात माल पुरवल्यास पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. झाशीत हे विसरू नका, कारण ओरछा आणि दतिया मध्य प्रदेशात आहेत. तिथल्या रिसॉर्टला एकच ट्रेलर पोहोचवला तरी ती आंतरराज्य विक्री होते. कॅम्पिंगच्या ट्रेलरचा एचएसएन क्रमांक ८७१६ १० आहे.

ग्राहकाला नोंदणीसाठी नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ मधील रस्त्यायोग्यतेचे प्रमाणपत्र तुम्ही द्यायचे असते. तो नमुना २० मध्ये आपल्या आरटीओकडे अर्ज करेल. ट्रेलर परराज्यात जाणार असेल, तर निघण्यापूर्वी झाशीतून तात्पुरती नोंदणी करून घ्या आणि विमा कंपनीला ट्रेलरचा चेसिस क्रमांक स्वतंत्र कळवा. हा क्रमांक पहिल्या नमुन्यापासूनच सांगाड्यावर ठोकलेला असावा.