शिपायाचं काळं चिलखत

चिलखत म्हटलं की सिनेमातला लखलखता सरदार आठवतो. पण १६व्या शतकातल्या युरोपात साध्या शिपायाचं चिलखत पुष्कळदा काळं असे, कधी रंगानं, कधी तापवून लावलेल्या तेलानं. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहराच्या जुन्या शस्त्रागारात अशी काळी चिलखतं ओळीनं मांडलेली आहेत.

कारण हिशेबाचं. उघडं पोलाद दमट हवेत गंजतं; मग वाळू घेऊन घासत बसा. प्रत्येक घासणीत थोडा पत्राही जातो. बँकेत आम्ही ज्याला घसारा म्हणायचो, तो इथे शब्दशः! सरदाराकडे घासायला नोकर होते. शिपायाला स्वतःचेच दोन हात.

हातानं चिलखत घडवणारे हौशी कारागीर तिकडे आजही आहेत. त्यांची काळं करण्याची रीत आपल्या नव्या लोखंडी तव्याचीच. चामड्याचे पट्टे सोडवायचे, गंज काढायचा, पत्रा तापवून जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. धूर निघतो, तेल पोलादाला धरून काळं, कडक होतं. जाड हात चिकट राहतो. म्हणून पातळच, पण पुन्हापुन्हा.

खरी गोम आचेत आहे. पाणी दिलेलं पोलाद तापताना आधी पिवळसर होतं, ३०० अंशांच्या आसपास निळं. त्यापुढे कमावलेला कठीणपणा उतरत जातो. रंग झकास, पत्रा मऊ! मला विचाराल तर अशा वेळी रंग थोडा फिका राहिलेला बरा.

आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं; बोळा आपोआप पेटतो. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत.