निशाण पाहण्याची दुर्बीण : ती कशी जुळवावी

नेमबाजीच्या मैदानावर सर्वांचें लक्ष बंदूक झाडणाऱ्याकडे असतें. त्याच्या शेजारीं दुर्बीण लावून बसलेला जो दुसरा मनुष्य असतो, त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु गोळी कोठें बसली हें या दुसऱ्यानें सांगितल्यावरच पहिला आपल्या बंदुकीवरील नेमाचा स्क्रू फिरवितो. सांगणाराच चुकला, तर नीट लागलेली बंदूक बिघडते आणि पुढचीं दहा काडतुसें वायां जातात. काडतुसें महाग असतात, आणि पोरांच्या वाट्याला तीं मोजकींच येतात. म्हणून आज मी बंदुकीविषयीं न बोलतां या दुर्बिणीविषयीं बोलणार आहें.

मोठ्या सामन्यांत आतां गोळीची जागा विजेच्या यंत्रावर आपोआप उमटते, हें खरें. २०२४ सालीं पॅरिस येथें कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें, तेथें छिद्र शोधण्यासाठीं कोणाला कागदाकडे डोळे ताणावे लागले नाहींत. पण साध्या मैदानांवर अजून कागदच टांगतात, आणि कागदावरचें छिद्र डोळ्यानेंच हुडकावें लागतें.

तें छिद्र असतें तरी केवढें? ५० मीटर रायफलीच्या कागदावर मधला काळा भाग ११२.४ मिलिमीटर रुंद असतो, आणि दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटरांचें. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला व कलेचा साठावा भाग म्हणजे विकला, हें आपण शाळेंत शिकलां असाल. निरोगी डोळ्याला सुमारें एका कलेपेक्षां लहान भेद ओळखूं येत नाहीं. ५० मीटरांवरचें तें छिद्र डोळ्यापाशीं केवळ २३ विकलांचा कोन करतें. दुर्बीण दहा पट मोठें दाखविणारी असेल तर तें सुमारें चार कलांचें होतें, आणि तेवढें पुरतें. तेंच छिद्र १०० मीटरांवर नेलें, तर तितकेंच स्पष्ट दिसण्यास वीस पटींची दुर्बीण लागेल. ३०० मीटरांवर मात्र मोठ्या रायफलीचें साडेसात मिलिमीटरांचें छिद्रसुद्धां वीस पटींच्या दुर्बिणींतून दोन कलांहूनही लहान दिसतें. पांढऱ्या कागदावर तें कदाचित् सांपडेल, काळ्यावर सांपडणार नाहीं. तेथें एकनळी मोठी दुर्बीणच बरी. जोडदुर्बिणीचें खरें राज्य ५० ते १०० मीटरांच्या टापूंत. तिचा मोठा गुण असा कीं, दोन्ही डोळे उघडे राहतात आणि तासभर पाहिलें तरी शीण थोडा येतो. अर्थात् ती नीट जुळविलेली असली तर.

दुर्बिणीवर २०×८० असे आंकडे असतात. पहिला आंकडा किती पटींनीं मोठें दिसतें तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या शलाकेची जाडी मिळते; येथें ती ४ मिलिमीटर. दिवसाउजेडीं आपली बाहुली दोनतीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून एवढी शलाका भरपूर झाली. पटींचा आंकडा कमीजास्त करतां येणाऱ्या स्वस्त दुर्बिणी बाजारांत शंभर-शंभर पटींच्या बढाया मारतात. पुढचें भिंग ५० मिलिमीटरांचें असतांना शंभर पट मोठें करणें म्हणजे अर्ध्या मिलिमीटरांच्या शलाकेंत अंधार विकणें होय. माझ्या मतें त्या घेऊंच नयेत.

आतां मांडणी. वीस पटींची दुर्बीण हातांत धरून कोणाला छिद्र दिसलें असें मीं पाहिलें नाहीं, कारण हाताचा कंपही वीस पटच होतो. तिपाई हवीच. बहुतेक मोठ्या दुर्बिणींच्या बिजागरीच्या पुढच्या टोंकाला एक झांकणी असते. ती काढली कीं आंत स्क्रूचें भोंक दिसतें. त्यांत काटकोनी लोखंडी जोड बसवून दुर्बीण तिपाईवर चढवावी. हा जोड पातळ पत्र्याचा असला तर तिपाई कितीही भक्कम असो, दुर्बीण झुलतच राहते. तिपाईचे पाय रुंद पसरावेत, मधला दांडा वर काढूं नये, आणि वारा असल्यास खालीं वाळूची पिशवी टांगावी. नेमबाज पालथा पडून मारणार असेल आणि त्याला स्वतःलाच पाहायचें असेल, तर दुर्बीण इतकी खालीं असावी कीं, खांदा न हलवितां केवळ मान वळवून डोळा तिला लागावा.

यानंतर दोन नळ्यांमधील अंतर. बिजागरी हळूहळू वळवीत जावें. दोन वर्तुळें एकमेकांत मिसळून एकच स्वच्छ वाटोळें दिसलें कीं थांबावें. बिजागरीवर आंकडे असतात. प्रत्येकानें आपला आंकडा वहींत टिपून ठेवावा, म्हणजे दुर्बीण दुसऱ्याच्या हातून परत आल्यावर पुन्हां चांचपडावें लागत नाहीं. चष्मा लावणाऱ्यानें नेत्रभिंगावरील रबरी टोप्या मुडपून घ्याव्यात.

खरी कसोटी आहे ती दृष्टि स्पष्ट करण्याची, आणि येथेंच घाई होते. मधलें चक्र दोन्ही नळ्यांना एकदम फिरवितें. उजव्या नेत्रभिंगावरचें कडें केवळ उजवीला. आपले दोन डोळे क्वचितच सारखे असतात, तो फरक या कड्यानें भरून काढावयाचा. प्रथम उजव्या नळीच्या पुढच्या भिंगावर टोपण घालावें. डोळा मिटूं नये, कारण एक मिटला कीं दुसराही आवळला जातो. दोन्ही डोळे उघडे ठेवून निशाणाच्या कागदावरील बारीक आंकडे डाव्या डोळ्यास स्पष्ट होईपर्यंत मधलें चक्र फिरवावें. मग टोपण डावीकडे घालावें, चक्राला हात न लावतां केवळ कडें फिरवावें.

पण फिरवावें कोणत्या बाजूनें? नेत्रभिंग पूर्ण बाहेर, म्हणजे अधिक खुणेकडे, नेऊन तेथून आंत आणावें, आणि आंकडे प्रथम स्पष्ट होतील तेथेंच थांबावें. पुढें गेलें तरी कांहीं वेळ स्पष्टच दिसतें. तें दुर्बिणीचें कर्तृत्व नव्हे. आपला डोळा आंतलें भिंग फुगवून ती उणीव भरून काढीत असतो. अर्ध्या तासानें तो थकतो आणि आंकडे पुसट होऊं लागतात. माझ्या वयाच्या माणसाचें आंतलें भिंग ताठरलेलें असतें, त्यामुळें आम्हांस ही फसवणूक साधत नाहीं. मुलांचे डोळे मात्र लवचिक, म्हणून तेच अधिक फसतात. कांहीं मोठ्या दुर्बिणींना मधलें चक्र नसतें, दोन्ही नेत्रभिंगांना स्वतंत्र कडीं असतात; तेथेंही रीत हीच. ही सर्व जुळणी प्रत्यक्ष निशाणाच्याच अंतरावर करावी. दूरच्या डोंगरावर केलेली जुळणी ५० मीटरांवर उपयोगाची नाहीं. शिवाय कांहीं मोठ्या दुर्बिणींतून जवळचें स्पष्टच होत नाहीं. म्हणून विकत घेण्यापूर्वीं तिचें सर्वांत जवळचें अंतर विचारून घ्यावें.

एवढें करूनही डोकें दुखूं लागलें, तर दोष दुर्बिणीच्या पोटांत असण्याचा संभव असतो. आमच्या गांवीं नेमबाजी शिकणाऱ्या एका मुलीला निशाण पाहण्याचें काम दिलें कीं थोड्याच वेळांत तिचें कपाळ दुखूं लागे. एका छिद्राजागीं कधीं कधीं तिला दोन दिसत. तिचे डोळेच अधू असें सर्वांनीं ठरविलें, घरच्यांनीं तिला डॉक्टरांकडे नेलें, आणि मैदान सोडविण्याचाही विचार झाला. डोळे निर्दोष निघाले. अखेर एका सेवानिवृत्त सुभेदारांनीं दुर्बीण तपासली, तेव्हां कळलें कीं, तिच्या दोन नळ्या एका रेषेंत नव्हत्या. नवीन म्हणून घेतलेली ती वस्तु दुकानांतूनच तशी आलेली होती.

सुभेदारांची तपासणी सोपी होती, ती कोणालाही करतां येईल. दुर्बीण तिपाईवर घट्ट बसवून लांबच्या घराचें आढें किंवा विजेची तार तिच्यांत आणावी. मग डोळे हळूहळू वीतभर मागें न्यावेत. दोन प्रकाशाचीं वर्तुळें वेगवेगळीं दिसूं लागतील. दोहोंतली रेघ सरळ एकापुढें एक आली तर ठीक; एकींत वर, दुसरींत खालीं असेल तर दुर्बीण बिघडलेली. दुसरी खूण अशी : दहा आंकडे मोजेपर्यंत डोळे मिटावेत आणि एकदम उघडावेत. क्षणभर दोन प्रतिमा दिसून मग त्या एक झाल्या, तर डोळे बिचारे ओझें ओढीत आहेत असें समजावें. डोळे आंतल्या बाजूस सहज वळतात, बाहेरच्या बाजूस फारच थोडे. आणि एक वर, एक खालीं असे तर जवळजवळ वळतच नाहींत. नळीचा कलाभर कल डोळ्यापाशीं सुमारें वीस कलांचा होतो, म्हणून हा दोष मोठ्या दुर्बिणींत अधिक जाचतो.

दुरुस्तीसाठीं रबरी वेष्टनाखालीं लोलकांना कलविणारे बारीक स्क्रू असतात. ते स्वतः फिरविण्याचा मोह अनेकांना होतो. एका माणसाच्या डोळ्यांच्या अंतराला जुळविलेली दुर्बीण बिजागरी हलवितांच पुन्हां विसकटते, कारण नळ्या बिजागरीच्या आंसाशीं समांतर झालेल्या नसतात. यासाठीं कारागिराचें यंत्र लागतें. मैदानावर दहा जण एकच दुर्बीण वापरणार असतील, तर ती कारागिराकडेच द्यावी.

उन्हाळ्यांत दहा वाजल्यानंतर जमिनीवरून तापलेली हवा वर चढते आणि कागद पाण्यांत बुडाल्यासारखा हालतो. तेव्हां पटी वाढवून कांहींच साधत नाहीं. उलट लहरीच मोठ्या होतात. अनुभवी माणसें मात्र या मृगजळाचाच उपयोग करतात. दुर्बिणीची जुळणी निशाणाच्या किंचित् अलीकडे आणली कीं लहरी स्पष्ट दिसतात. त्या ज्या बाजूस वाहतात त्या बाजूस वारा. सरळ वरच उकळत असतील, तर आडवा वारा नाहीं.

छिद्र दिसल्यावर सांगण्याचीही रीत आहे. "जरा डावीकडे" असें म्हणूं नये. वर्तुळाचा आंकडा आणि घड्याळाची दिशा सांगावी : "नऊ, चार वाजतां." कागदाशेजारीं मनुष्य दिसला, तर आंकडा बाजूस ठेवून प्रथम "थांबा" म्हणून ओरडावें, दुर्बीणवाल्याचें पहिलें कर्तव्य तेंच. आणि ऊन कितीही सौम्य वाटो, नळी सूर्याकडे वळूं देऊं नये. निमिषमात्र पाहिलें तरी डोळा कायमचा जातो.

पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, भिंगांवर बुरशीचें जाळें धरतें आणि कांच कायमची डागाळते. दुर्बीण चामड्याच्या डब्यांत कोंडून ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिकेच्या पुडीसह ती ठेवावी, आणि पुडींतील दाण्यांचा रंग बदलला कीं ते तव्यावर मंद आंचेनें कोरडे करून पुन्हां भरावेत.