विश्लेषण : हेल्मेटमधला वारा कानाला किती महागात पडतो?

भोसरीहून मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकणला जाणाऱ्या दुचाकींची रांग पाळी बदलायच्या वेळी संपता संपत नाही. पलीकडे निगडी-देहूरोडकडून तळेगावला, आणि तळेगावहून पुन्हा चाकणच्या दिशेने हेच चित्र. घरी पोहोचून हेल्मेट काढल्यावर काही वेळ कानात बारीक शिट्टी वाजत राहते, समोरच्याचे बोलणे जरा दबलेले वाटते. ‘आज फार दमलो’ म्हणून ते सोडून दिले जाते. प्रत्यक्षात तो कानाने दिलेला इशारा असू शकतो. दिवसभर यंत्रांचा आवाज सोसलेल्या कानाला घरी जातानाही विश्रांती मिळत नाही, आणि त्याचे कारण इंजिन किंवा हॉर्न नसून बऱ्याचदा हेल्मेटवर आदळणारा वारा असतो.

हा आवाज नेमका येतो कुठून?

वारा गुळगुळीत वाहत असेल तर फारसा आवाज करत नाही. त्याच्या वाटेत कडा, फट किंवा खाच आली की प्रवाह फाटतो आणि भोवरे तयार होतात. या भोवऱ्यांमुळे हवेचा दाब क्षणाक्षणाला बदलतो आणि कान तोच बदल आवाज म्हणून ऐकतो. हेल्मेटवर अशा जागा भरपूर असतात : काचेची कडा, हवेच्या झडपा, वर लावलेली टोपीसारखी झापड, कॅमेऱ्याचा स्टँड आणि मानेभोवतीची मोकळी जागा.

ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पुतळ्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवून वाऱ्याच्या बोगद्यात मोजमापे घेतली. हेल्मेटच्या खालची, हनुवटीच्या पट्टीजवळची जागा हा आवाजाचा एक मोठा उगम असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या वाऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष हनुवटीखालून आत शिरणाऱ्या वाऱ्याकडे द्यायला हवे. हेल्मेटचा पट्टा सैल ठेवण्याची सवय असलेल्यांना हे विशेष लागू पडते.

वेग वाढला की आवाज किती वाढतो?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि ही मोजपट्टी सरळ बेरजेची नाही. तीन डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. दहा डेसिबलची वाढ झाली की माणसाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा आवाज १२ ते १८ डेसिबलने वाढतो, असे हवेच्या प्रवाहाचे शास्त्र सांगते.

ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात चालकांच्या कानाशी सूक्ष्म मायक्रोफोन बसवून रस्त्यावर मोजमापे झाली. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत सुमारे ९० डेसिबल, तर १६०च्या वेगाला सुमारे ११० डेसिबल, असे त्यांतले आकडे आहेत. या हिशेबाने ८० किलोमीटर वेगाला कानाशी ९५च्या आसपास आवाज पोहोचतो. हेल्मेट, गाडी, चालकाची उंची यांनुसार आकडा मागेपुढे होईल, पण वेगाबरोबर तो चढत जातो हे नक्की.

साधारण ५० किलोमीटरच्या खाली इंजिन, ट्रक आणि हॉर्न यांचा वाटा मोठा असतो. त्यावर गेले की वारा बाजी मारतो. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात वाहतूक खोळंबलेली असताना वाऱ्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो तिसरी पाळी सुटल्यावर, रस्ता मोकळा असताना, आणि रविवारी माळशेज किंवा भीमाशंकरकडे निघालेल्या लांबच्या फेरीत.

गंमत अशी, की नव्या मोटारसायकलचा आवाज किती असावा याला कायद्याची मर्यादा आहे. १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीसाठी ती ८० डेसिबल, आणि हा आवाज रस्त्याकडेला साडेसात मीटरवर मोजला जातो. ही मर्यादा बाहेरच्या माणसाच्या कानासाठी आहे. स्वार झालेल्याच्या कानाशी वारा किती गर्जतो, याचा त्यात हिशेब नाही. १९६६मध्ये स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही वाहन संशोधन संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर, ‘सीआयआरटी’ भोसरीत, आणि दुचाकी घडवणारे कारखाने आकुर्डी-चाकणमध्ये. देशातील दुचाकीचे एवढे ज्ञान ज्या पट्ट्यात एकवटले आहे, तिथेच हा आवाज रोजच्या बोलण्यात नसावा, हे विशेष.

कामगारांसाठी हा प्रश्न वेगळा का?

अमेरिकेतील ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा आहे. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ला चार तास, ९१ला दोन तास, ९४ला एक तास, ९७ला अर्धा तास आणि १००ला फक्त १५ मिनिटे. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरली जाते.

आता एक उदाहरण घेऊ. प्रेस शॉपमधील कामगाराच्या कानावर आठ तास सरासरी ८५ डेसिबल आवाज पडला. ‘नायोश’च्या मापाने त्याचा दिवसाचा वाटा तिथेच संपला. मग जाताना ४० आणि येताना ४० मिनिटे त्याने मोकळ्या रस्त्यावर ९० डेसिबल सोसले. ९० डेसिबलला दिवसभरात साधारण अडीच तास चालतात. म्हणजे ८० मिनिटांत आणखी निम्म्याहून जास्त वाटा खर्ची पडला. एकूण बोजा दीडपट झाला. फोर्जिंग किंवा शीट मेटलच्या विभागात मुळातच आवाज जास्त असेल, तर हे गणित आणखी बिघडते.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. नुकसानभरपाईच्या तरतुदींतही त्याला व्यावसायिक आजार मानले आहे. पण कानाला कारखान्याचा आवाज आणि रस्त्याचा आवाज वेगळा ठेवता येत नाही. श्रवण तपासणीत दोन्हींची खूण एकच उमटते. म्हणून भरपाईच्या वेळी वाद होऊ शकतो, आणि त्याआधी कान मात्र गेलेला असतो.

कानाचे नुकसान कसे होते?

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या लहरींचे मेंदूला समजणाऱ्या संदेशात रूपांतर त्याच करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. शिट्टी वाजणे, कान बंद झाल्यासारखे वाटणे ही त्याचीच लक्षणे. विश्रांती मिळाली तर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत त्या सावरतात. रोज तोच मारा झाला तर मरतात. मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, औषधानेही नाही.

सुरुवात बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीपासून होते. त्यामुळे माणूस ‘बहिरा’ झाल्याचे लगेच कळत नाही. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. स, श, च, फ यांसारखी व्यंजने निसटू लागतात. लहान मुलांचे बोलणे, गर्दीतले संभाषण समजत नाही. घरचे म्हणतात, ‘टीव्ही किती मोठा लावलाय’, आणि ऐकणाऱ्याला वाटते, हल्ली सगळेच पुटपुटतात.

मग हेल्मेट नको का?

अजिबात नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध होत आला आहे आणि ‘हॉर्न ऐकू येत नाही’ हा त्यातला जुना मुद्दा. वस्तुस्थिती अशी, की वेगात हॉर्न झाकला जातो तो वाऱ्याच्या आवाजाने. उघड्या डोक्याने गाडी चालवली तरी वारा कानाशी गर्जतोच. हेल्मेट हॉर्नचा आवाज थोडा कमी करते, तसा वाऱ्याचाही करते. त्यामुळे दोन्हींतला फरक फारसा बदलत नाही. कान गेला तर ऐकण्याचे यंत्र लावता येते. डोक्याला मार लागला तर तसा पर्याय नाही.

मर्यादा आहे ती वेगळी. हेल्मेटचे अस्तर उंच पट्टीचा आवाज बऱ्यापैकी अडवते, पण वाऱ्याची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते आणि तिथे हेल्मेट जवळजवळ निष्प्रभ ठरते. म्हणून कितीही महाग हेल्मेट घेतले, तरी केवळ त्याच्या भरवशावर कान सुरक्षित राहत नाही. आयएसआय चिन्ह असलेलेच हेल्मेट विकण्याचे बंधन १ जून २०२१पासून आहे. ते चिन्ह डोक्याच्या संरक्षणाची खात्री देते, हेल्मेट किती शांत आहे हे त्यावरून कळत नाही.

खर्च न करता काय करता येईल?

पहिली गोष्ट, माप. हेल्मेट घालून पट्टा बांधा आणि ते दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरत असेल तर ते सैल आहे आणि वारा आत येणारच. जुन्या हेल्मेटचे गालाकडचे अस्तर दबून गेलेले असते. काही हेल्मेटांचे ते बदलून मिळते.

दुसरी, काच. ती ‘टक’ आवाज येईपर्यंत बंद करा. बोटभर उघडी काच म्हणजे कानाशी धरलेली शिट्टी. काचेभोवतीचे रबर कडक झाले असेल तर बदलून घ्या. धुके किंवा पावसात काच धुरकटते तेव्हा सिग्नलला उघडा, वेग घेताना लावा.

तिसरी, मान. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा काही हेल्मेटांबरोबर मिळतो. नसेल तर मानेभोवती घट्ट बसणारा पातळ गळपट्टा चालतो. मात्र त्याचे टोक मोकळे फडफडता कामा नये. ते स्वतःच आवाज करते आणि चाकात अडकण्याचा धोका असतो.

चौथी, हेल्मेटवर चिकटवलेल्या वस्तू. कॅमेऱ्याचा स्टँड, शिंगे, झापड यांचा प्रत्येकाचा आपापला आवाज असतो. गरज नसेल तर काढून टाका.

गाडीला काच लावली तर फायदा होतो का?

कधी होतो, कधी उलटेच होते. पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा भोवरे घेऊनच निघतो. ते भोवरे नेमके हेल्मेटवर आदळले तर डोके हादरते आणि आवाज काच नसताना होता त्यापेक्षा वाढतो. वारा डोक्याच्या वरून गेला तर बरे, नाहीतर पूर्ण स्वच्छ प्रवाहात डोके असलेले बरे. त्रास मधल्या स्थितीत असतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात क्षणभर ताठ बसून आणि मग थोडे खाली वाकून फरक ऐका. ताठ बसल्यावर आवाज कमी झाला तर काच छातीपर्यंतची हवी, वाकल्यावर कमी झाला तर थोडी उंच हवी. तिरपेपणा थोडा बदलूनही बराच फरक पडतो.

सर्वांत खात्रीचा उपाय कोणता?

कानातले फोमचे बोळे, म्हणजेच इअरप्लग. आवाजाच्या विभागात कारखाने देतात तेच. अट एकच, ते नीट घालता आले पाहिजेत. स्वच्छ हाताने बोळा वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धवट बाहेर राहिला तर हेल्मेट घालताना निघतो आणि उपयोगही होत नाही.

पाकिटावर ३० किंवा त्याहून अधिक डेसिबल लिहिलेले असते. ते प्रयोगशाळेतले. प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरावे, असे ‘नायोश’ सांगते. पण १५ डेसिबल मिळाले तरी ९७चे ८२ होतात. अर्ध्या तासाची मर्यादा दिवसभरावर जाते. हॉर्न, ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू येतो, कारण बोळा तो आणि वारा दोन्ही कमी करतो. पहिल्यांदा वापरताना मात्र कमी रहदारीच्या रस्त्यावर सवय करून घ्या आणि आरशाकडे लक्ष वाढवा.

कामावर वापरून तेलकट झालेले बोळे परतीच्या वाटेवर घालू नका, नवी जोडी घ्या. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोळे वापरू नयेत. आणि बोळ्याऐवजी इअरफोन हा पर्याय नव्हे. वाऱ्यावर मात करण्यासाठी गाणे आणखी मोठे करावे लागते आणि कानावर दोन मारे होतात.

आवाज मोजायला मोबाइलचे ॲप वापरू नये का?

कारखान्यात किंवा घरात अंदाजासाठी ठीक. चालत्या गाडीवर मात्र वारा थेट फोनच्या मायक्रोफोनवर आदळतो आणि आकडा भलताच येतो. शिवाय गाडी चालवताना फोन हातात घेणे धोक्याचे. त्यापेक्षा साधी कसोटी : निघण्याआधी घरात टीव्ही जेमतेम कळेल इतक्या आवाजावर ठेवा. परतल्यावर तेवढ्याच आवाजात तो ऐका. शब्द कळत नसतील तर कान थकला आहे.

असे वारंवार होत असेल, शिट्टी दुसऱ्या दिवशीही टिकत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवण तपासणी करून घ्यावी. कारखान्यात वार्षिक तपासणी होत असेल तर त्या आलेखाची प्रत मागून घरी जपून ठेवावी. पहिल्या वर्षीचा आणि पाचव्या वर्षीचा आलेख शेजारी ठेवला की काय गमावले ते दिसते, आणि उरलेले वाचवायला तेव्हाही उशीर झालेला नसतो.