जुन्या जीपचे पाटे आणि घरचीं अवजारें



जयगडच्या खाडीवरून येणारा वारा माणसाला सुखद वाटतो. लोखंडाला मात्र तो मानवत नाहीं. त्यांतला खारा ओलावा घराच्या बिजागऱ्या खातो, तसेच दाराशीं उभ्या असलेल्या जुन्या जीपगाडीचे सांधेहि खातो. अशी गाडी दुरुस्तीस घेतली म्हणजे गंजून एकजीव झालेले भाग वेगळे कसे करावे, हाच पहिला प्रश्न पडतो. त्यासाठीं लागणारीं अवजारें बाजारांत सहसा मिळत नाहींत. तीं घरीं कशीं करावीं, हें आज थोडक्यांत सांगतों.

ही गाडी मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या काळांत, विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. पुढें महिंद्र आणि महिंद्र या कंपनीनें (हें नांव तिनें १९४८ सालीं घेतलें) मुंबईंत त्यांची जोडणी चालविली. त्यांच्या वंशांतील कित्येक गाड्या आजहि हौशी लोकांनीं जतन केल्या आहेत.

या गाडीचा भार कमानदार पाट्यांच्या चार जुडग्यांवर असतो. दाब आला कीं कमान सपाट होते व तिची लांबी वाढते. म्हणून जुडग्याचें एक टोंक सांगाड्याला बोल्टानें खिळलेलें असतें, आणि दुसरें टोंक नालासारख्या आकाराच्या कडींत, म्हणजे शॅकलमध्यें, झुलतें ठेवलेलें असतें. शॅकलच्या दोन्ही भुजांवर आटे असतात. एक भुजा सांगाड्याच्या कानांत व दुसरी पाट्याच्या डोळ्यांत घालून षट्कोनी डोक्याचे आटेदार बुश त्यांवर फिरवून बसवितात. ग्रीस पोंचेनासें झालें कीं हा झुला अडतो, आणि अडलेला शॅकल शेवटीं पाटा मोडतो. उतारावर पुढचा पाटा मोडला तर आंस जागचा हलतो व गाडीची दिशा हातीं राहत नाहीं. तेव्हां हें काम हौसेचें असलें तरी त्याची जबाबदारी लहान नाहीं.

बुश सोडण्यापूर्वीं एक खूण पाहावी. मूळच्या लष्करी गाडींत शॅकलच्या आठ बुशांपैकीं सहांचे आटे सरळ व दोघांचे उलटे असतात. उलट्या आट्यांचा एक बुश पुढच्या डाव्या पाट्याला व दुसरा मागच्या उजव्या पाट्याला असतो. त्याच्या डोक्याभोंवतीं बारीक खांच असते. पण ती गंजाखालीं लपते. मीं ती न पाहतांच पान्याला लांब नळी लावून जोर केला. सोडावयाचा बुश अधिकच आवळला आणि शॅकलची भुजा तुटली. म्हणून आधीं तारेच्या ब्रशानें डोकें घासावें, मग पाना हातीं घ्यावा.

आतां अवजारें. पहिलें, पाट्याच्या खिळलेल्या टोंकाचा बुश ओढण्याचें. तो घणानें ठोकला तर पाट्याचा डोळा उमलतो. लाल होईपर्यंत तापविला तर पाट्याचें पाणी उतरतें. त्याऐवजीं अर्ध्या इंचाचा लांब आटेदार बोल्ट घ्यावा. एका बाजूस बुशाहून किंचित् लहान जाड वॉशर ठेवावा, दुसऱ्या बाजूस बुशाहून किंचित् रुंद पोटाचा नळीचा तुकडा ठेवून त्यावर मोठा वॉशर व नट बसवावा. नट आवळत गेलें कीं बुश सरकत नळींत येतो. नवा बुशहि याच युक्तीनें आंत ओढतां येतो. यामागचें गणित सोपें आहे. इंचाला बारा आटे असले तर एका फेऱ्यांत नट इंचाचा बारावा भाग सरकतें. तेवढ्यांत फूटभर लांब पान्याचें टोंक सुमारें पंचाहत्तर इंच फिरतें. हिशेबानें जोर नऊशेंपट झाला. घर्षणांत त्यांतला बराच भाग जातो; उरतो तेवढाहि पुरेसा असतो.

दुसरें अवजार म्हणजे पत्र्याची एक पट्टी, इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतक्या जाडीची. शॅकल बसवितांना तो शिकंज्यानें घट्ट दाबून धरावा. वरचा बुश निम्मा, मग खालचा निम्मा, आणि पुढें आळीपाळीनें दोन्ही फिरवावे. सांगाड्याकडील बुशाचें डोकें चिकटून बसावें. पाट्याकडील बुशाचें डोकें व पाटा यांमध्यें ही पट्टी जेमतेम सरकावी. मग ग्रीस भरून शॅकल मोकळा झुलतो कीं नाहीं तें पाहावें. अडला तर सर्व पुन्हां सोडून बसवावें.

तिसरें, जुडग्याच्या मधल्या बोल्टासाठीं. पाटे एकमेकांवर ताणानें दाबलेले असतात; बोल्ट निघतांच ते उसळतात. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंस शिकंजे लावूनच तो काढावा, व शिकंजे थोडे थोडे सैल करावे. जोडतांना पुरेसा लांब बोल्ट घालून पाटे हळूहळू जवळ आणावे.

शेवटचें अवजार सर्वांत साधें आणि सर्वांत महत्त्वाचें: लाकडी ठोकळे. आपल्याकडे जांभ्याचा चिरा हाताशीं असतो, म्हणून तोच गाडीखालीं सरकविण्याचा मोह होतो. एका पावसाळ्यांत मीहि तसें केलें. ओला चिरा मधोमध फुटला व सांगाडा खालीं आला. सुदैवानें मीं सुटें चाक आडवें टाकून ठेवलें होतें. गाडी त्यावर टेकली. क्षणापूर्वींच पाना घेण्यासाठीं मीं हात बाहेर काढला होता. तेव्हांपासून सपाट जमिनीवर फळी, फळीवर कठीण लाकडाचे रुंद ठोकळे, आणि गाडीच्या इतर चाकांना अटकाव, एवढें झाल्यावांचून मी खालीं शिरत नाहीं. केवळ जॅकच्या भरंवशावर तर कोणींच शिरूं नये.

घरीं करावयाचीं तीं अवजारें. गाडीचे भाग नव्हेत. शॅकल, बुश आणि पाट्यांचे बोल्ट योग्य मापाचे व नवेच आणावे. तुटलेली भुजा सांधून पुन्हां वापरूं नये. अवजार फसलें तर एक दिवस वायां जातो. शॅकल फसला तर गाडींत बसलेल्यांचा जीव जातो. हा भेद ज्यानें ओळखला, त्यानें खुशाल हातांत पाना घ्यावा.