तिजोरीतील पाट्या आणि बाहेर गेलेली छायाचित्रे

अथेन्समधील 'अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज' या संस्थेच्या नावात स्कूल असले तरी ती शाळा नव्हे; प्राचीन ग्रीसच्या अभ्यासासाठी अमेरिकी विद्यापीठांनी १८८१ मध्ये उभी केलेली ती संशोधन संस्था असून, लिकाबेटस टेकडीच्या उतारावर तिचे ग्रंथालय, अभ्यासकांचे निवासस्थान आणि १९२६ मध्ये खुले झालेले गेनाडियस ग्रंथालय आहे. उत्खननात सापडलेली वस्तू ग्रीसचीच राहते, परदेशी संस्थेच्या हाती उरतात त्या नोंदी, नकाशे आणि छायाचित्रे, ही मर्यादा शांततेच्या काळात कोणास जाचक वाटली असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र तिचे मोल वेगळेच ठरले.

४ एप्रिल १९३९ रोजी अमेरिकी पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगन यांनी ग्रीसच्या नैऋत्य टोकास पायलॉस येथे पहिलाच चर खणला आणि तो थेट एका प्राचीन राजवाड्याच्या दप्तरखान्यावर पडला. त्या हंगामात सुमारे ६०० मातीच्या पाट्या व तुकडे निघाले. त्यांवर 'लिनिअर बी' ही, अक्षरचिन्हे रेघांनी कोरण्याची, तोवर कोणासही न वाचता आलेली लिपी होती. पाट्या मुळात भट्टीत भाजलेल्या नव्हत्या. राजवाडा जळाला त्या आगीनेच त्या पक्क्या झाल्या होत्या. त्या अथेन्सला आणून साफ केल्या गेल्या, ॲलिसन फ्रान्झ यांनी त्यांची छायाचित्रे घेतली, आणि युद्ध ग्रीसपर्यंत येण्यापूर्वी ती छायाचित्रे अमेरिकेत पोहोचली. पाट्या बँकेच्या तिजोरीत गेल्या.

२८ ऑक्टोबर १९४० रोजी इटलीने ग्रीसवर हल्ला केला. राष्ट्रीय संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी दालनांची जमीन उकरून खोल खड्डे घेतले आणि संगमरवरी पुतळे उभेच्या उभे त्यांत उतरवून वाळूने झाकले. २७ एप्रिल १९४१ रोजी जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात शहरात भयंकर उपासमार झाली. बहुतेक अमेरिकी अभ्यासक निघून गेले असताना वास्तुविशारद गोरहॅम स्टीव्हन्स मात्र संस्थेची जबाबदारी घेऊन तेथेच राहिले; निवासस्थानाची इमारत पुढे अन्नवाटप पाहणाऱ्या रेडक्रॉसच्या स्वीडिश मंडळाच्या उपयोगास आली. ग्रंथालय राखणे हे काम दिसायला साधे, पण भुकेल्या आणि परक्या सत्तेखालच्या शहरात ते वर्षानुवर्षे निभावणे ही मोठीच विद्यासेवा म्हटली पाहिजे.

बाहेर पडलेल्यांची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. आगोरा, म्हणजे अथेन्सचा प्राचीन बाजारचौक, तेथील उत्खननातले रॉडनी यंग आघाडीवर रुग्णवाहिका चालवताना जखमी झाले आणि पुढे कैरोतून अमेरिकेच्या 'ओएसएस' या गुप्तहेर संघटनेचा ग्रीक विभाग चालवू लागले. भाषा, वाटा, खेडी आणि बंदरे यांची अभ्यासासाठी मिळवलेली माहिती आता हेरगिरीच्या कामी येऊ लागली. ग्रीसवरील प्रेमापोटीच बहुतेकांनी हे केले, यात शंका नाही. तथापि अभ्यासकाच्या ओळखीआड हेर असू शकतो हा संशय या हेरगिरीने मागे ठेवला, आणि त्याचा भार नंतरच्या निष्पाप संशोधकांनाही वाहावा लागतो, हे नाकारता येत नाही.

पाट्या तिजोरीत असताना सिनसिनाटी विद्यापीठात एमेट बेनेट यांनी छायाचित्रांवरूनच चिन्हांची वर्गवारी बसवली, एकाच चिन्हाची निरनिराळ्या हातांची वळणे ताडून पाहिली आणि १९५१ मध्ये पायलॉसच्या पाट्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी इंग्रज वास्तुविशारद मायकेल व्हेंट्रिस यांनी ही लिपी ग्रीक भाषेचीच असल्याचे जाहीर केले. ब्लेगन १९५२ मध्ये पायलॉसला परतले होते, आणि तेव्हा निघालेली एक पाटी पुढच्या वसंतात त्यांनी व्हेंट्रिस यांच्या पद्धतीने वाचून पाहिली: तिवईसारख्या भांड्याच्या चित्रापाशी 'ति-रि-पो' ही अक्षरे, चार कानांच्या भांड्यापाशी चार कानांचा शब्द, तीन कानांच्या भांड्यापाशी तीनचा, आणि ज्याला कानच नाहीत त्यापाशी 'बिनकानाचे' अशी नोंद होती.