कोरडी धुलाई आणि धुणारा कामगार



माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनास जावयाचें ठरलें, म्हणजे घरांतील शालू नि शाली बाहेर निघतात. आणि परतल्यावर त्यांची रवानगी नांदेडच्या एखाद्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानांत होते. पुष्कळदां घरीं आलेल्या वस्त्राला एक गोडसर वास असतो. तो आपण स्वच्छतेचा समजतों. आज त्या वासाविषयींच बोलावयाचें आहे.

'कोरडी धुलाई' हें नांव फसवें आहे. कापड भिजतेंच, मात्र पाण्यांत नव्हे. कित्येक लहान दुकानांतून टर्पेंटाइनच्या जातीचें खनिज तेल वापरतात. त्याला आगीचें भय. परंतु यंत्रावर धुलाई होते तेथें बहुधा परक्लोरोएथिलीन असतें. मायकेल फॅरडे यांनीं १८२१ सालीं शोधलेलें हें द्रव्य पेट घेत नाहीं, आणि जें पेटत नाहीं तें निर्धोक, या समजुतीनेंच कामगाराचा घात होतो.

याची वाफ हवेच्या साडेपांच पटींहून अधिक जड. यंत्रांतून सुटलेली दाट वाफ जमिनीलगत, खोलगट जागीं सांचते. दुकानांतला पंखा असतो छताशीं! तो वरची हवा ओढीत राहतो, आणि यंत्रांतली मळी काढावयास वांकलेल्या माणसाचें तोंड नेमकें त्या वाफेंत असतें. त्याचें डोकें गरगरतें, बोलणें अडखळतें. तो म्हणतो, ऊन लागलें. थोड्या वेळानें नाकाला वासहि येईनासा होतो, पण वाफ तेथेंच असते. वर्षानुवर्षें हें चाललें तर यकृत व मूत्रपिंडें बिघडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें यास 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलें आहे. याचें भावंड ट्रायक्लोरोएथिलीन, ज्यानें कारखान्यांत यंत्रांच्या भागांवरचें वंगण काढीत, तें तर २०१२ सालीं निश्चित कर्करोगकारक ठरलें.

शेगडीच्या ज्वाळेशीं ही वाफ गेली तर फॉस्जीन होतो. पहिल्या महायुद्धांत वापरलेला तोच वायु. म्हणून तेथें बिडीसुद्धां नको. तोंडावरचा रुमाल वाफ अडवीत नाहीं. कोळशाची गाळणी असलेला मुखवटाच हवा. साध्या रबरी हातमोज्यांतून द्रव झिरपतो. वाफ ओढणारें तोंड यंत्रापाशीं, खालीं असावें. कोणी भोंवळून पडल्यास एकट्यानें आंत धांवूं नये.

१९४८ च्या कारखाने कायद्यानें अशी विषबाधा सरकारास कळविणें आवश्यक केलें. पण दोनचार माणसांचीं दुकानें त्या कायद्याच्या बाहेरच राहिलीं.

आणि आपली घाई? "उद्यां सकाळींच पाहिजे," असें आपण सांगतों, तेव्हां सुकण्याचा फेरा पुरा न होतांच यंत्राचें दार उघडलें जातें. दोन दिवस अधिक द्यावेत. आणि वस्त्र घरीं आल्यावर वेष्टण काढून गच्चींत, सावलींत टांगावें, मगच कपाटांत ठेवावें.