दोन अशोक, एक पटकथा

पटकथेत दोन पात्रांना एकच नाव देऊ नये, हा सल्ला नवख्या लेखकाला हमखास मिळतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. नावं सारखी असली की गोंधळ उडतो, तो नेमका कुणाचा? कथेतली पात्रं गोंधळली तर गोष्ट पुढे सरकते. चित्रपट पाहणारा किंवा पटकथा वाचणारा गोंधळला, तर ती तिथेच अडते. 'द टर्मिनेटर'मध्ये (१९८४) यंत्रमानवाला केवळ सारा कॉनर हे नाव आणि शहर ठाऊक असतं, म्हणून तो टेलिफोन डिरेक्टरीतल्या त्या नावाच्या बायका एकामागून एक मारत सुटतो. नावं वेगळी केली तर ही गोष्ट सुरूच होणार नाही.

गुलजार यांचा 'अंगूर' (१९८२) हा तर या प्रकाराचा वस्तुपाठच. शेक्सपिअरच्या 'द कॉमेडी ऑफ एरर्स'वर बेतलेल्या या चित्रपटात दोन अशोक आणि दोन बहादुर आहेत. संजीव कुमार आणि देवेन वर्मा या दोघांच्याही दुहेरी भूमिका. नाव एक, चेहरा एक, तरीही प्रेक्षक वाट चुकत नाही. बाहेरगावाहून आलेला अशोक रहस्यकथांच्या नादाने इतका संशयी झालेला असतो, की त्याला जो तो टोळीतलाच वाटतो. त्या गावातल्या अशोकचा मात्र संसार आहे, बायकोशी कुरबुरी आहेत. नावाने करायचं काम इथे स्वभाव करतो. कागदावर मात्र स्वभाव उमगायच्या आधी संवादावरचं नाव वाचलं जातं. सहायक दिग्दर्शक त्यावरूनच कुठल्या दृश्यात कोण, कुठल्या कपड्यात, याची यादी करतो. नुसतं 'अशोक' लिहिलं तर दोन माणसं एकाच रकान्यात जातील. 'अशोक १' आणि 'अशोक २' लिहिलं तर कोणता आकडा कुणाचा, हे वाचणाऱ्याला सतत आठवत बसावं लागेल. त्यापेक्षा 'गावकरी अशोक' आणि 'पाहुणा अशोक' बरे. एकदा ठरलेली ओळख मग शेवटच्या पानापर्यंत बदलायची नाही.

यावर कुणी म्हणेल, खऱ्या आयुष्यात एका वर्गात तीन-तीन संतोष असतातच, मग पटकथेत का नकोत? असतात, पण तिथेही कुणी संत्या होतो, कुणी आडनावाने ओळखला जातो. 'द बिग लेबोव्स्की'मध्ये (१९९८) दोन जेफ्री लेबोव्स्की आहेत, पण नायकाला बहुतेक सगळे 'ड्यूड' म्हणतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतिहासातली नावं बदलायची कशी? पानिपतच्या काळातले पेशवे बाळाजी बाजीराव आणि पुढे फडणवीस म्हणून गाजलेले बाळाजी जनार्दन, दोघेही बाळाजी. टोपणनावं घ्यावीत तर एक नानासाहेब, दुसरे नाना! पण ही अडचण सोडवायचं साधनही त्याच काळाने ठेवलं आहे. पेशव्यांना 'श्रीमंत' म्हणत. लेखकाने त्यांच्यासाठी ते संबोधन राखून 'नाना' हे फक्त फडणवीसांना दिलं, तर इतिहासही बिघडत नाही आणि प्रेक्षकही चुकत नाही.

म्हणून नाव बदलावं की ठेवावं, याचा निकाल एका प्रश्नावर लावता येतो: या नामसाम्यामुळे कथेतलं कुणी काही वेगळं करतं का? करत असेल तर ते जपावं आणि कागदावर दोघांची ओळख काटेकोर ठेवावी. करत नसेल, तर दुसरं नाव शोधायला लेखकाची पाच मिनिटं पुरतात.